उंची दोनच फूट, तरी बाइक नाकावर का पडते? आधी रॅम्पची लांबी बघा

दिवाळीच्या सुमारास माळ वाळला की आमच्याकडे दरवर्षी हेच होतं. पोरं बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला मुरूम ओढतात, बाइकच्या उड्यांसाठी दोन फुटांचा रॅम्प उभा राहतो, पहिले दोन रविवार झकास जातात आणि तिसऱ्या रविवारी कुणीतरी हँडलवरून पुढे जातो. मग चर्चा सुरू. शॉकअप कडक आहेत, टायरात हवा जास्त आहे, अमक्यानं ऐन वेळी गॅस सोडला, रॅम्प उंच झालाय. शेवटी फावडं घेऊन वरची चार बोटं माती उतरवायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. आठवडाभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात, आणि रविवारी जिवाशी खेळणारी गोष्ट मात्र अंदाजपंचे दाहोदरसे. आमच्या बसूचा मामा गवंडी आहे. तो एकदा माळावर आला, रॅम्पभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "जिन्याची पायरीसुद्धा आम्ही मोजून घालतो की रे. हे कोण मोजलंय?" कुणीच मोजलं नव्हतं. उंची तेवढी सगळ्यांना पाठ होती. लांबी विचारली तर कुणी पाच पावलं म्हणालं, कुणी सहा.

आमच्याकडे दोन एक्सपल्स २०० आणि एक जुनी हिमालयन ४११ आहे, त्यामुळे खालचे आकडे त्या मापाचे आहेत. सायकलवाल्यांनाही हिशेब हाच लागू पडतो, फक्त चाकांमधलं अंतर आपल्या सायकलचं घ्यायचं. शब्द दोनच लक्षात ठेवा: रॅम्प जमिनीतून उचलायला लागतो ते बूड, आणि बाइक जिथून सुटते ती कड.

आधी हे ठरवा: दोष स्वाराचा की रॅम्पचा

यावर आमचे दोन महिने फुकट गेले. उपाय अगदी सोपा आहे. एकाच रॅम्पवर तीन वेगळे स्वार, शक्य असेल तर दोन वेगळ्या बाइक, आणि कमी वेग. बाजूला एक जण मोबाईल स्लो मोशनवर लावून बसेल. तिघांचंही नाक खाली जात असेल तर गॅस, पवित्रा, शॉकअप यांवरची भांडणं थांबवा. रॅम्प चुकलाय. एकाचंच जात असेल तर तो कडेवर गॅस बंद करतोय का ते व्हिडिओत बघा. नवख्या माणसाचा हात भीतीनं आपोआप उलटा फिरतो, आणि त्याला स्वतःला ते कधीच आठवत नाही. "मी नाही सोडलो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि एकदा स्वतःही म्हटलंय, की आता फक्त व्हिडिओवर विश्वास.

दुसरी खूण फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपवर मिळते. फोर्कच्या चकचकीत नळीला एक झिप टाय हलकीशी आवळून बसवा. नळीवर रबरी बेलोज (आवरणं) असतील तर ते तेवढ्यापुरते वर सरकवा. उडी मारून आल्यावर टाय कुठवर सरकलीय ते बघा. नुसत्या रॅम्पवर चढून, उडी न मारता, कडेच्या अलीकडे बाजूला उतरलात आणि तरी टाय पार टोकाला गेली असेल, तर बाइक हवेत जायच्या आधीच सगळं सस्पेन्शन संपवून बसलीय. एक्सपल्सला पुढे १९० मिलिमीटर हालचाल आहे. तेवढी दोन फुटांच्या चढावर संपत असेल तर चढाचा आकार बिघडलेला आहे, एवढं नक्की.

पहिली चूक: मांडवातली प्लाय

आमचा पहिला रॅम्प म्हणजे गणपती झाल्यावर मंडळाच्या मांडवातून आलेली आठ फुटी प्लाय. एक टोक जमिनीवर, दुसरं वाळूच्या पोत्यांवर. उंची ६० सेंटीमीटर. प्लायची लांबी २.४४ मीटर. म्हणजे चढ साधारण १४ अंश. १४ अंश ऐकायला काहीच नाही. चोर्ला घाटात जाऊन आलेल्या माणसाला तर हसूच येईल.

पण घाटात चढ हळूहळू सुरू होतो. प्लायच्या बुडाशी जमीन शून्य अंश आणि पुढच्या इंचाला थेट १४. ताशी ३५ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ९.७ मीटरने तुम्ही तिथे पोचता तेव्हा पुढचं चाक क्षणात जवळपास २.४ मीटर प्रतिसेकंद वेगानं वर ढकललं जातं. उलट बाजूनं हिशेब केला तर हे बाइक जवळपास एक फुटावरून खाली आपटल्यासारखं आहे. तेही आधी पुढचं चाक, आणि सेकंदाच्या सातव्या भागानं मागचं.

खरी गंमत पुढे आहे. बुडाशी दाबलेली मागची स्प्रिंग उसळून परत यायला साधारण पाव सेकंद घेते. आणि प्लायच्या बुडापासून कडेपर्यंत जायलाही पाव सेकंदच लागतो. म्हणजे मागचं चाक कडेवर पोचतं नेमकं त्याच वेळी स्प्रिंग त्याला खालून लाथ घालते. पुढचं चाक तर आधीच हवेत. मागचा भाग वर, नाक खाली. सागरचं मनगट गेलं ते याच प्लायवर. आम्ही दोष त्याच्या शॉकअपला दिला, एका गॅरेजमध्ये नेऊन ते कडक करून आणले, आणि लाथ आणखी जोरात बसायला लागली.

प्लाय पूर्ण वाईट नाही. बुडाशी वळणदार माती भरून तिचा आधार म्हणून वापरता येते. पण सपाट फळी जमिनीवर टेकवून उडी मारू नका.

दुसरी चूक: गोल केला, पण आखूड

मग आम्ही शहाणे झालो. इंटरनेटवरचे रॅम्प गोलाईचे असतात, म्हणून मुरूम टाकून गोल केला. उंची तीच, ६० सेंटीमीटर. मुरूम कमी पडला म्हणून बुडापासून कडेपर्यंत जमिनीवरचं अंतर ठेवलं दीड मीटर. बसूनं बुडापासून कडेपर्यंत दोरी ताणली, मोबाईलवर कोन मोजला: २२ अंश. "बरोबर आलाय," म्हणाला.

त्या दिवशी पहिला मीच गेलो. नाक खाली जायच्या ऐवजी आकाशाकडे गेलं, आणि मी मागच्या चाकावर आपटून शेपटीवरून घसरलो. बसू लांबून ओरडत होता, "साकु, साकु!" पुरे, पुरे.

संध्याकाळी कडेवर एक फुटाची फळी ठेवून त्यावर मोबाईल ठेवला. कोन आला ४३. दोरीचा २२, कडेचा ४३. मोबाईल बिघडलाय म्हणून दुसरा आणला, तिसरा आणला. तिन्ही तेच सांगत होते.

हे सगळं लिहायचं कारण हेच. रॅम्प गोल असेल आणि बुडाशी जमिनीला सपाट मिळत असेल, तर दोरी ताणून मोजलेला कोन कडेच्या खऱ्या कोनाच्या निम्मा असतो. हा योगायोग नाही, वर्तुळाचा गुण आहे. शाळेत स्पर्शिका आणि जीवा शिकवतात तिथेच हे बसलेलं आहे, फक्त तेव्हा कुणी बाइकशी जोडून सांगितलं नाही. बाइक दोरीच्या कोनात सुटत नाही, कडेच्या कोनात सुटते.

४३ अंश म्हणजे काय होतं ते आकड्यात बघा. कडेवर ताशी २५ चा वेग टिकला, तर २० अंशाच्या कडेवरून बाइक कडेच्या वर साधारण एक फूट जाते. तोच वेग ४३-४४ अंशाच्या कडेवर तिला पावणेचार फूट वर फेकतो. वेग तोच, रॅम्पची उंची तीच, फक्त लांबी आखूड. "रॅम्प उंच झालाय" असं आम्हाला वाटत होतं ते यामुळेच. शाळेत शिकलेलं "४५ अंशावर सगळ्यात लांब जातं" हे दगड फेकायला ठीक आहे. दगडाला उतरताना मणका नसतो.

शिवाय गोलाईतून जाताना दाब किती पडतो तेही लांबीवरच ठरतं. दीड मीटरच्या त्या रॅम्पच्या गोलाईची त्रिज्या भरत होती फक्त २.२ मीटर. ताशी ३५ ला तिथे वजनाच्या जवळपास साडेपाचपट दाब येतो. बाइक आणि स्वार मिळून २३० किलो धरा. हिशेबानं साडेबारा क्विंटल. झिप टाय टोकाला जाणार नाही तर काय होणार.

मग लांबी काढायची कशी

उंची आधी आणि लांबी उरलेल्या मुरमावर, हा क्रम उलटा करा. आधी कडेचा कोन ठरवा. शिकणाऱ्यांसाठी १५, सराव असलेल्यांसाठी २०. त्यावर आम्ही जात नाही. मग उंची ठरवा. लांबी आपोआप येते:

जमिनीवरची लांबी = उंची ÷ टॅन (कडेच्या कोनाचा निम्मा)

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टॅन मिळतो, पण माळावर हाताला माती असताना ते कुणी करत नाही. म्हणून मी फोर्कवर मार्करनं हे लिहून ठेवलंय: १५ अंशाला उंचीच्या साधारण साडेसातपट, २० ला पावणेसहापट, २५ ला साडेचारपट, ३० ला पावणेचारपट.

दोन फूट उंची आणि २० अंश हवे असतील तर सव्वाअकरा फूट, म्हणजे ३.४ मीटर. आमचा दीड मीटरचा होता! तो ३.४ केला तेव्हा गोलाईची त्रिज्या जवळपास १० मीटर झाली आणि ३५ च्या वेगातला दाब साडेपाचपटीवरून दुपटीवर आला. उंचीत एका बोटाचाही फरक नाही.

एक तपासणी अजून बाकी आहे, आणि ती लोक विसरतात. एक्सपल्सच्या दोन चाकांमधलं अंतर १.४१ मीटर, हिमालयन ४११ चं १.४६. आलेली लांबी याच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर रॅम्प बांधू नका. हा कुठला कायदा नाही, आमचा ठोकताळा आहे. पण दोन्ही चाकं काही काळ एकदम चढावर असली की बाइक स्थिर होते, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. एक फुटी रॅम्प २० अंशानं काढला तर लांबी येते १.७ मीटर. पुढचं चाक कडेला पोचलं की मागचं नुकतंच बुडावर, म्हणजे पुन्हा प्लायवालीच भानगड. छोटा रॅम्प सोपा असतो असं समजून नवख्या पोरांना याच्यावर सोडलं जातं, हे सगळ्यात वाईट. एक फुटाला १२ अंश घ्या, लांबी साडेनऊ फूट ठेवा. रॅम्प दिसायला लाजिरवाणा दिसतो, पण चालतो.

गोलाई मातीत उतरवायची कशी

१० मीटर त्रिज्येचं वर्तुळ उभं काढायला मध्यबिंदू १० मीटर उंच हवेत लागेल. इथे बसूच्या मामानं काम सोपं केलं. लांबीचे चार सारखे भाग पाडा आणि प्रत्येक ठिकाणी एक खुंटी ठोका. उंचीचा सोळावा हिस्सा पहिल्या खुंटीला, चौथाई दुसऱ्या, नऊ सोळांश तिसऱ्या, पूर्ण चौथ्या. ६० सेंटीमीटरच्या रॅम्पला हे येतं साधारण ४, १५, ३४ आणि ६०. पहिली खुंटी जमिनीतून जेमतेम दिसते, बघणाऱ्याला वाटतं ही कशाला ठोकलीय. पण बूड सपाट मिळालंय की नाही हे तीच सांगते.

उंची मोजताना माळाच्या मातीवरून मोजू नका, माळ कधीच सपाट नसतो. गवंड्याचा लेव्हल पाइप घ्या, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक बुडाजवळच्या खुंटीला, दुसरं प्रत्येक खुंटीला लावत जा. आम्हाला सपाट वाटलेल्या जागेत साडेतीन मीटरमध्ये ७ सेंटीमीटरचा चढ निघाला. तेवढ्यानं हिशेब पार बदलतो.

खुंट्यांना वरून सुतळी बांधा, मुरूम अर्ध्या फुटाच्या थरात टाका, पाणी मारा, धुमसानं ठोका, मग पुढचा थर. खानापूर-जांबोटीकडचा जांभ्याचा मुरूम यासाठी उत्तम, पाण्यानं घट्ट बसतो. चिकोडी-अथणीकडच्या आमच्या मित्रांनी काळ्या मातीत रॅम्प केला होता. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन आठवड्यांत कडेवर हात जाईल एवढी भेग. काळ्या रानात करायचाच तर आत काहीही भरा, पण वरचा एक फूट मुरूम बाहेरून आणा.

बरोबर बांधला, तरी महिन्याभरात पुन्हा तेच का

आता मूळ दुखण्यावर येतो. रॅम्प दर रविवारी आखूड होत जातो.

बुडाशी चाक मुरूम उकरतं आणि तिथे खळगा पडतो. पहिल्या रविवारी एक बोट, तिसऱ्या रविवारी चार बोटं. खळग्यामुळे सपाट सुरुवात संपते आणि चाक थेट चढावर आदळतं, प्लायसारखं. त्याच वेळी कडेची माती मागच्या चाकानं झिजून कड पुढे झुकते, ओठासारखी गोल होते. मग पुढचं चाक कडेच्या कोनात न सुटता खाली वळत सुटतं. खळगा खालून लाथ मारतो, कड वरून नाक दाबते. दोन्ही एकदम. आणि आम्ही काय करत होतो? वरची चार बोटं उतरवत होतो. म्हणजे झिजलेली कड आणखी झिजवत होतो आणि खळगा तसाच ठेवत होतो.

आता दर रविवारी पहिली उडी मारायच्या आधी मोजमाप. चार खुंट्यांच्या जागी रॅम्पच्या बाजूला लोखंडी सळीचे तुकडे कायमचे ठोकलेत, त्यांच्यावर रंगाची खूण. सुतळी ताणली की कुठे माती गेली ते लगेच दिसतं. खळगा दोन बोटांहून खोल असेल तर त्यात ओला मुरूम भरून धुमस. कडेवर फळी आणि मोबाईल. १८ ते २१ अंशांत असेल तर चालू, नाहीतर दुरुस्ती. सगळं मिळून वीस मिनिटं. बुडाच्या अलीकडची पाच-सहा मीटर जमीनसुद्धा बघा. तिथे लाटा पडलेल्या असतील तर स्प्रिंग आधीच नाचत रॅम्पवर येते, मग मोजमाप कितीही बरोबर असू दे.

उतरायची जागा

यावर वेगळं लिहावं लागेल, पण दोन गोष्टी आत्ताच. २० अंशाच्या कडेवरून ताशी ३० ला बाइक कडेच्या उंचीला परत येईपर्यंत साधारण साडेचार मीटर जाते, ३५ ला सहा मीटरच्या वर, ४० ला आठ. दहा किलोमीटर वेग वाढवला तर अंतर जवळपास दुप्पट. आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. काटा ४० वर आणि खरा वेग ३६ असेल तर तुम्ही दीड मीटर अलीकडे उतरता. ते दीड मीटर म्हणजे अख्ख्या बाइकच्या दोन चाकांमधलं अंतर. म्हणून वेग जीपीएसवर बघा, आणि मध्ये खड्डा ठेवण्याऐवजी माती भरून वरून सपाट करा. अलीकडे पडलात तर बाइक मातीवर टेकते, भिंतीत घुसत नाही.

सपाट जमिनीवर उतरणार असाल तर ३५ च्या वेगात तुम्ही सगळं मिळून जवळपास चार फुटांवरून पडताय हे लक्षात ठेवा. पलीकडे कडेच्याच कोनाचा उतार केला तर हाच धक्का नावापुरता राहतो. आमचा उतार अजून झालेला नाही, मुरूम संपला. तोवर ३० च्या वर कुणी जायचं नाही असं ठरलंय, आणि माळावर येताना बूट, गुडघ्याचे गार्ड आणि पूर्ण हेल्मेट नसेल त्यानं फक्त धुमस चालवायची.

गेल्या रविवारी मोजलं तेव्हा पहिल्या खुंटीशी ४ ऐवजी १ सेंटीमीटर निघालं. सागर मनगट चोळत बाजूला उभा होता. म्हणाला, "आधी ते भर बा, मग बघू." भरलं, ठोकलं, पाणी मारलं. ओलं होतं म्हणून त्या दिवशी उडी नाही. परत येताना शहापुरात चहा घेतला.